दहा हजारांतला एक इशारा

टेबलाखालून कुणीतरी शिंकलं आणि मी किंचाळलेच.

"सॉरी, सॉरी! वायर शोधतोय," म्हणत तो बाहेर आला. फर्मवेअरवाला, म्हणजे चिपमधला प्रोग्राम लिहिणारा! महिनाभर ई-मेलवर भांडत होतो आम्ही, समोरासमोर आज पहिल्यांदाच. केसांत जळमट, डोळ्यांत हसू...

"ई-मेलमध्ये तुम्ही उंच वाटता," मी म्हणाले.

"आणि तुम्ही रागीट."

हसले असते, पण नजर घड्याळाकडे होती. आमचा सर्किट बोर्ड श्वास देणाऱ्या यंत्रात बसणार होता. पेशंटची नळी निसटली की सेन्सर इशारा देतो. याचं फर्मवेअर तो घेतं आणि माझ्या कर्नलला, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रोग्रामला, हातातलं काम थांबवायला लावतं. यालाच आम्ही इंटरप्ट म्हणतो. दोघांमधली जोडणी मी लिहिली होती—आणि दहा हजारांत एक इशारा हरवत होता. चार वाजता बोर्ड पाठवण्यासाठी साहेब माझी सही मागणार होते. गेल्या वर्षी आई अशाच यंत्रावर अकरा दिवस होती...

"एकेक तपासू," म्हणत त्याने खुर्ची ओढली. कोपराला कोपर लागला. कुणीच हलवला नाही.

तीनला सापडलं. कर्नलने पहिला इशारा हातावेगळा करण्याआधीच दुसरा आला, तर फर्मवेअर तो टाकून देत होतं. चूक त्याची होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी... माझ्या बाजूने सांभाळून घेते," मी पुटपुटले. "कुणाला कळणार नाही."

"आणि हेच फर्मवेअर उद्या दुसऱ्या यंत्रात गेलं तर?"

तो उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेला. काचेतून साहेबांचं हलणारं बोट दिसत होतं. मी दार ढकललं.

"साहेब, दुरुस्तीशिवाय मी सही करणार नाही."

साहेब किती ओरडले ते सांगत नाही. पण दोन आठवडे मिळाले.

बाहेर जिन्यात त्याने विचारलं, "तुम्ही का आलात आत?"

"तुम्ही एकटे उभे होतात. बघवेना."

"एवढंच?"

"नाही... तुम्ही मला आवडता."

तो मटकन पायरीवर बसला.

"साहेबांपुढे नाही लटपटले पाय," तो म्हणाला, "आत्ता बघा! आणि मी—मी सकाळपासून हेच बोलायला घाबरतोय."

मी त्याच्या शेजारी बसले. माझेही पाय कुठे धड होते!