गटारातच जाणारी सायकल

"ईऽऽ! आधी लांब हो!" नाक दाबत ढब्बू ओरडला.

टिकली गटारातून बाहेर आली. कोपरापर्यंत काळा चिखल, वेणीत कुजलेलं साल, आणि वास तर असा, की तिची तिलाच ओकारी आली. सुट्टीत मामाकडे आल्यापासून रोज हेच! वळण आलं, ती झुकली, की धाडकन गटारात!

"भित्री भागूबाई नुसती!" मामा ओट्यावरून म्हणाले. "आज जमलं नाही, तर संध्याकाळी सायकल दुकानात परत!" ती जुनी सायकल दुकानातून दुरुस्त करून त्यांनीच आणली होती. स्वतः मात्र एकदाही चालवून पाहिली नव्हती.

टिकलीला रडू फुटलं. डोळे पुसावेत, तर हातही असले!

"थांब, मी दाखवतो," ढब्बू म्हणाला. मामांचा हा मुलगा पट्टीचा सायकलस्वार. तिचीच सायकल घेऊन वळणावर ऐटीत झुकला आणि... डुबुक!

"थू! थू! तोंडात गेलं! अगं, मी झुकलो, पण ही बया वळलीच नाही!"

टिकलीचं रडू पळालं. तिने ढब्बूची सायकल सीटला धरून डावीकडे कलवली. पुढचं चाक आपोआप डावीकडे वळलं! मग तिने आपली कलवली. चाक ढिम्म!

"आपण झुकतो तिकडे चाकानं वळायला हवं रे! तेव्हा ते आपल्याखाली येऊन सावरतं. माझं हँडल वळवायला केवढा जोर लागतो! मला वाटलं, सगळ्यांचंच असं असतं."

"बहाणे पुरे!" मामा गरजले.

ढब्बूने डोळा मारला. "जाऊ दे गं टिकले. बाबांनाही नाही जमायचं."

"मला? अरे, हात सोडून चालवायचो मी!" इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मामा सायकलवर बसले. वळणावर झुकले... आणि मिशीसकट गटारात! कानातून घाण ओघळू लागली. शी, शी, शी!

तसेच निथळत, सायकल आणि दोघा मुलांना घेऊन मामा दुकानात पोहोचले. सायकलवाला नखं कुरतडत म्हणाला, "जरा घट्ट आहे. होईल सवय."

"उघडा आधी!" मामा कडाडले.

हँडलचा नट निघाला. हँडल सहज फिरावं म्हणून आत छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या, असायला हवेत, तिथे तेलकट चिंधी कोंबलेली! तिला झुरळाचे पाय चिकटलेले.

"खडखड वाजत होतं, म्हणून..." सायकलवाला चाचरला.

गटारापेक्षा टिकलीला त्या माणसाचीच जास्त किळस आली. "वाजू नये म्हणून चिंधी? कुणाचं डोकं फुटलं असतं म्हणजे? लाज नाही वाटत?"

त्याने चिंधी काढून नवे छर्रे घातले.

टिकली वळणापाशी आली. ती जराशीच झुकली, आणि चाक तिच्याबरोबर अलगद वळलं! गटार बाजूलाच राहिलं!

"शाब्बास!" मामा मागून धावत आले. "भित्री कसली, तू तर हुशार! मीच आळशी, न बघता घेऊन आलो. आजपासून सायकल तुझी गं!"

टिकलीने ऐकलं, पण वळून बघायला सवड कुठे होती? पुढचं वळण आलं होतं, आणि ती झुकलीसुद्धा.