मनोऱ्याची मापं

"ओ ताई, थांबा! पुढची पायरी काढलीय!"

माझा पाय हवेतच राहिला. बागेतला लाकडी मनोरा दुरुस्तीला काढलाय हे ठाऊक होतं... सुतार इतका तरुण असेल, हे नव्हतं. आणि त्यानं 'ताई' म्हटलेलं मला का टोचावं, तेही कळेना!

मनोऱ्याचा माहितीफलक लिहायचं काम माझ्याकडे होतं. साठ वर्षांपूर्वी इथं जंगल होतं, वणवा दिसावा म्हणून हा मनोरा उभारलेला. जंगल गेलं, बाग आली, मनोरा राहिला.

"यात एकही खिळा नाही," तो म्हणाला. "लाकडाचं टोक खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलीय."

"वाऱ्यात हलत असेल ना?"

"हलायलाच हवा. ताठ राहिला तर मोडेल." मग मोजायची टेप गुंडाळत, "उद्या याल? टेप धरायला माणूस हवाय..."

दुसऱ्या दिवशी गेले, तर दोन कामगार आरामात चहा पीत बसलेले! तरी टेपचं टोक माझ्याच हातात आलं. पुढचे पंधरा दिवस हेच.

"पडद्याचं माप घेता येत नाही तुला," आई म्हणाली, "आणि मनोरा मोजतेस?"

"फलकासाठी लागतं गं."

"बरं," आई अशी काही म्हणाली, की मीच गोंधळले.

शेवटच्या दिवशी आम्ही वरच्या अष्टकोनी सज्जात उभे होतो.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मनोऱ्याचं एवढं वेड कसं लागलं तुम्हाला?"

"मला? वेड तर तुम्हाला आहे!"

"मी इथल्या जुन्या पहारेकऱ्याला गाठून याचा इतिहास पाठ केला... तुम्हाला आवडतो म्हणून."

"आणि मी लाकडांची नावं! सांध्यांतलं मला ओ की ठो कळत नाही."

"मग रोज यायचात कशाला?"

"तुम्ही बोलवायचात म्हणून."

"आणि मी बोलवायचो, कारण—" त्याचे कान लाल झाले. "सोमवारपासून मी दुसऱ्या गावी. पुलाचं काम आहे, चार महिने."

मी हातातली टेप उगाचच पुन्हा गुंडाळू लागले.

"एखाद्या रविवारी याल? तिथं पाहण्यासारखं काहीच नाही..."

"मग कशाला येऊ?"

"मला भेटायला," तो एका दमात म्हणाला.

"येईन."

एवढं बोलून मी जी खाली पळाले, ती थेट फाटकापाशी थांबले. कुठल्या गावी, ते विचारलंच नव्हतं! वळून पाहिलं, तर तो धापा टाकत येत होता... हातात पत्ता लिहिलेला कागद घेऊन.