हरणाऱ्याच्या बाजूला

बजाजनगरच्या वाचनालयात बुद्धिबळाच्या एका जगज्जेत्याचं पुस्तक होतं. स्वतःच्या जिंकलेल्या डावांवर त्यानं चालीगणिक टिपा लिहिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी मी पट मांडून बसायचो. त्याची चाल कागदानं झाकायची, आधी आपण ओळखायची, मग टीप वाचायची. कंपनीची स्पर्धा मला जिंकायची होती.

एकदा पावसाची सर आली आणि अभ्यास आटोपून निघालेली एक मुलगी दारातून मागं फिरली. ओढणी झटकत माझ्या समोर बसली. दोन थेंब पटावर पडले.

"समोर कोण खेळतंय?"

"कुणी नाय. पुस्तकातला डाव आहे. हा काळा हरतो."

"आणि तुम्ही?"

"मी जगज्जेत्याच्या बाजूनं."

"व्हय, तिकडं सगळेच बसतात." तिनं खुर्ची पुढं ओढली. "मी या बिचाऱ्याकडून बसते."

ती रत्नमाला. सिल्लोडची, इथं मावशीकडं राहून परीक्षेची तयारी करणारी. मग ती दर सुट्टीला काळ्याकडून बसू लागली.

"आता काय करू? वाचवा की!"

"मी तर तुमच्या विरुद्ध आहे."

"लई निष्ठुर आहात हो!"

गाल फुगवून ती विचार करायची, आणि मी पट सोडून तिच्याकडंच... तरी खेळ सुधारला. समोरच्याला काय दिसतं, ते तिच्यामुळं कळू लागलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी धीर केला. "जिंकलो, तर तुम्हाला एक विचारीन."

"आणि हरलात तर?"

"तर... नाही विचारणार."

ती हसली नाही.

शेवटच्या फेरीत मी घोडा फुकट घालवला आणि हरलो. बघायला आलेले सगळे जिंकणाऱ्याभोवती जमले. मी सोंगट्या डब्यात भरत होतो. खुर्ची सरकली. समोरची नाही, माझ्या शेजारची.

"विचारा," रत्नमाला म्हणाली.

"हरलो ना मी."

"दिसलं की. मी कुणाकडून बसते, विसरलात?"

मी विचारलं. ती "व्हय" म्हणाली, आणि माझ्या हातातला राजा घेऊन तिनंच डब्यात ठेवला.

आमचा संसार चांगला झाला. गेल्या वर्षी ती गेली.

सुट्टीला मी अजून पट मांडतो. ते डाव आता पाठ आहेत. पण जगज्जेत्याच्या बाजूला बसवत नाही. मी तिच्या खुर्चीत बसतो, आणि त्या काळ्यासाठी एखादी चाल सापडते का बघतो.