न फुटणारं तिकीट

शहाण्णव सालच्या श्रावणात नाशिक-पिंपळगाव एसटीत सावळीराम कंडक्टरने साधनाला पहिल्यांदा तिकीट दिलं. तिने त्यावरचा नंबर वाचून तोंड वाकडं केलं.

"काय चुकलं, बाई?"

"काही नाही, मास्तर. तीनने फुटतं."

ती पिंपळगावच्या शाळेत गणित शिकवायची. खिडकीच्या ओल्या काचेवर बोटाने रोज तिकिटाच्या नंबराला भाग द्यायची. सावळीरामचं तिकीट कधी सातने फुटायचं, कधी तेराने. फुटलं की ती त्याच्याकडे बघून हसायची. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

एका सोमवारी तिच्या पर्समध्ये त्याला वेगळं तिकीट दिसलं. ५१४२२९. सुरकुती पडू न देता जपलेलं.

"हे कुणाच्या गाडीतलं?"

"ललितच्या. शनिवारी तुमची सुट्टी होती ना. अख्खा रविवार गेला, पण कशानेच फुटत नाही. शिवाय एक, एक, दोन, तीन, पाच, आठ... असे मागचे दोन आकडे मिळवत गेलं की बरोबर हाच येतो. असं तिकीट परत कुठलं मिळायला?"

सावळीरामला एवढंच ऐकू आलं — ललितच्या. ललितराव नाही, मास्तर नाही. नुसतं ललित.

त्या दिवसापासून डेपोत तो ललितशी बोलेना. आपल्याच गठ्ठ्यातले पुढचे नंबर घेऊन भागाकार करत बसला. ५१८५६९ सापडला. पाचशेपर्यंतच्या आकड्यांनी भाग देऊन पाहिला, फुटला नाही.

पण तिकिटं ओळीनेच फाडावी लागतात. त्या सकाळी तो तिच्यापुढून तीनदा गेला आणि इतरांना तिकिटं देत राहिला. तिच्या शेजारचे खंडेराव म्हणाले, "मास्तर, बाईचं राहिलं हे. फुकट नेता का काय?"

"नंबर येऊ द्या, बाबा."

"आता तिकिटाला बी नंबर लावायचा?"

ओझरजवळ नंबर आला. पंच मारून त्याने तिकीट तिच्या हातात ठेवलं. "हे फुटायचं नाही... त्या ललितच्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी ती तेच तिकीट घेऊन आली. "सहाशे एक्केचाळीसने जातं, मास्तर."

त्याचा चेहरा उतरला. "मग त्याचंच जपा."

"रुसलात?"

"त्याला तुम्ही नावाने हाक मारता."

"शाळेत एका वर्गात होतो आम्ही. मारते." ती काचेकडे वळली. "तुमचं नाव घरी आरशापुढे घेऊन बघितलं... तोंडातून निघत नाही."

पिंपळगाव आलं. ती उठली.

"यात दोनच आकडे आहेत. सहाशे एक्केचाळीस आणि आठशे नऊ. ते दोन्ही पुढे कशानेच फुटत नाहीत."

"आणि ललितचं?"

"ते एकटंच आहे." तिने हातातलं तिकीट पर्समध्ये ठेवलं. "या दोनांतला तुमचा कुठला, ते... उद्या सांगा."