सतरा नंबरची काच

नजरबादच्या त्या प्रयोगशाळेत मेंदूंना नावं नसतात, नंबर असतात. दान केलेला मेंदू कुणाचा, हे तपासणाऱ्याला कळू नये असा दंडकच आहे. पण सतरा नंबरच्या कागदावर वारस म्हणून तपासणाऱ्या यशस्विनीनंच सही केलेली. तिच्यापासून काय लपणार? मेंदू तिच्या वडिलांचा, दामोदररावांचा. विसरण्याच्या आजारातली शेवटची दोन वर्षं चामराजपुरमच्या घरात त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. जाताना तरी ओळखलं का, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्यापायी तिला धड जेवण जात नव्हतं.

तिचं काम मेंदूतल्या राखणदार पेशी मोजायचं. काचेवरच्या पातळ कापात त्या तपकिरी रंगवलेल्या असतात, बारीक हात चहूकडे पसरलेल्या. मेलेल्या पेशी हलत नाहीत, हे शाळेतलं पोरही सांगेल.

सतराच्या काचेवर मात्र सगळे हात एकाच बाजूला वळलेले होते. तिच्या बाजूला. मायक्रोस्कोप चित्र उलटं दाखवतो, ते धरूनही तिच्याच बाजूला. तिनं काच फिरवून ठेवली, कॉफी पिऊन आली. हात पुन्हा तिच्याकडे.

"रघु, तू बघ रे जरा," तिनं सोबत काम करणाऱ्या रघुला बसवलं आणि स्वतः दाराशी गेली.

"सगळे दाराकडं वळल्यात."

ती खिडकीशी गेली.

"आता खिडकीकडं." रघुनं भिंगावरून डोळा उचलला. "बेडा अक्का. नको. ठेवून दे ती काच."

"अप्पांनी ओळखलं मला."

"या पेशी माणसं ओळखत नाहीत, अक्का. कुठं मेंदू बिघडायला लागला, तिकडं हात करतात. तेवढंच येतंय त्यांना."

तिला ते ऐकायचंच नव्हतं. जीव भांड्यात पडला होता. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं आईला फोन लावला.

"अम्मा, अप्पांनी मला ओळखलं होतं."

रुक्मिणीबाईंनी नाक ओढलं.

"होय गे बाळा. ओळखलेच असतील."

"अम्मा, रडतीस काय?"

"सोमवारपास्नं रोज सांगतीस की गे हे."

फोन ठेवून तिनं केलेल्या कॉलची यादी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. रोज चारच्या सुमारास आईला एक फोन.

तिला एकही आठवेना.