पुढचा पेशंट

पटलं नाही तरी चालेल. पण हे खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बायकोबरोबर घडलंय.

साल १९९९. मे महिना. बीड.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

तेव्हा आम्ही नवरा-बायको मिळून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून द्यायचो. रुद्राणी स्क्रीनचं चित्र कागदावर काढायची, मी कोड लिहायचो. आणि रोज भांडण.

"अहो, मी बटण इथं काढलंय. तुमी तिकडं कावून टाकलं?"

"तुझं चित्र मशीनला जमत न्हाई."

शेवटी कागद बंद केला. मी आधी खरी, चालणारी बटणं बनवायची आणि तिनं तीच स्क्रीनवर मांडायची. दोघं एकाच मशीनसमोर. भांडण मिटलं.

असं पहिलंच काम एका खाजगी दवाखान्याचं. 'पुढचा' हे बटण दाबलं की पेशंटचं नाव यायचं, ते नर्सनं पुकारायचं.

तपासायला रुद्राणीनं दोन नावं टाकली. एक मनानं रचलेलं... सटवा, गाव चकलांबा.

दुसरं सुचेना, म्हणून स्वतःचं.

दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. आम्ही काउंटरवर मशीन लावलं.

"दाबा," रुद्राणी नर्स गंगासागरबाईंना म्हणाली.

गंगासागरबाईंनी बटण दाबलं. नाव आलं. सवयीनं त्यांनी पुकारलंही.

"सटवा, चकलांबा..."

"हाय..."

मागच्या बाकड्यावरून एक म्हातारा उठला. धोतर, डोक्याला पटका. तो कधी आला, आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

आमच्या समोरून गेला. पायात जड वहाणा होत्या...

वाजल्या नाहीत.

डॉक्टरांच्या केबिनचं दार लोटून तो आत गेला.

"अहो, हे नाव तर मी..." रुद्राणी पुटपुटली.

"असंल कुणी त्याच नावाचा." मी म्हणालो.

"पण आत डॉक्टरच न्हाईत," गंगासागरबाई म्हणाल्या.

आणि मग आतून आवाज आला. शांत. डॉक्टरांचा नव्हे, म्हाताऱ्याचाही नव्हे.

"पुढचा..."

बटणाला कोणीही हात लावला नव्हता. स्क्रीन बदलली.

रुद्राणी.

ती उठली. मी हाक मारली, ती वळली नाही. सरळ केबिनकडे निघाली. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. बाहेर ऊन आग ओकत होतं... आणि मनगट बर्फासारखं. ती मला ओढत नेत होती. मला, एवढ्या गड्याला.

गंगासागरबाईंनी मशीनची वायर उपटली.

रुद्राणी मटकन खाली बसली.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. एकच खिडकी, तिला गज.

ते काम आम्ही सोडलं. कोड मी कितीदा वाचला. स्क्रीन आपोआप बदलेल असं त्यात काहीच नाही.

त्या संध्याकाळी रुद्राणी एवढंच म्हणाली,

"तुमी मला कावून धरलं? माझा नंबर होता ना."

आज ती ठणठणीत आहे. पण कुठल्याही दवाखान्यात नाव पुकारलं... कोणाचंही... की ती उठून उभी राहते. मी तिचा हात घट्ट धरतो.

मी दरवेळी सोबत असतोच, असं नाही.