डाव्या हाताची नाडी

दिवे गेलेत ते आता तासभर येत नाहीत. बसा इकडे. कस्तुरी, दाराकडे पाठ करू नकोस, मग म्हणशील मामांनी घाबरवलं.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर श्रीरंगराव माझे मित्र. जे. पी. नगरात एकटेच राहतात. दर गुरुवारी आमच्या सकवारअक्कांचं बी.पी. बघायला इथं बनशंकरीला यायचे. काम पाच मिनिटांचं, पण बसायचे दोन तास. घरी बोलायला होतं कोण त्यांना?

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. निघताना पायरीवर थांबले. म्हणाले, "अप्पासाहेब, एक विचारू?"

लढाईत त्यांच्या छावणीत एक कैदी आणला होता. त्याला बोलतं करायला तीन रात्री मारलं, पाण्यात बुडवलं. मरू नये म्हणून डॉक्टर मधून मधून नाडी बघायचे आणि सांगायचे, "आणखी सोसेल." की पुन्हा सुरू. "तो माझी बोटं सोडायचा नाही हो," डॉक्टर म्हणाले. "त्याला वाटायचं, एवढा एकच माणूस आपल्या बाजूचा."

"पण मामा, इन्फर्मेशन मिळाली ना? लोकं वाचली असतील तर इट्स जस्टिफाइड."

मिळाली की, तनय. सुरुंग सापडले. आपली अकरा पोरं वाचली. तू म्हणतोस तेच डॉक्टर पंचवीस वर्षं स्वतःला सांगत होते. कैदी चौथ्या दिवशी गेला.

"मी चुकलो का?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी काय बोललो? "बरं डॉक्टर, उशीर झाला. ऑटो बघू या." भित्रेपणा माझा, दुसरं काय!

साडेदहाला ते घरी पोचले. कडी लावली. कॉटवर बसले. दिवा मालवला.

डाव्या मनगटावर तीन बोटं टेकली.

गार. ओली.

दाबली नाहीत... ओढलं नाही... नाडी बघतात तशी, नुसती टेकलेली.

"कोण?"

"मला माफ..."

अंधारात आवाज आला. शांत. डॉक्टरांचा स्वतःचाच, तरुणपणचा.

"आणखी सोसेल."

बोटं उठली.

पहाटे डॉक्टर माझ्या दारात उभे. कॉफी घेतली, सगळं सांगितलं आणि दोन्ही हात पुढे केले. "बघा जरा."

उजवी नाडी चांगली लागली. डावी... नाहीच. हात उबदार, बोटं हलताहेत, आणि मनगटात काही नाही. इस्पितळात दोनदा मशीन लावून झालं. रक्त नीट वाहतंय म्हणतात.

आता गुरुवारी मीच जातो तिकडे. त्यांचा डावा हात हातात धरून बसतो, कितीतरी वेळ.

नाडी अजून लागलेली नाही.